मापाने वाचलेले प्राण
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संयोजकांनी मला दिले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. गर्भवती व बाळंतीण स्त्रीची सुरक्षितता आणि त्यासाठी झालेले संशोधन हा विषय मी निवडला आहे. एका कापड दुकानदाराने या विषयावर काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात निश्चित आला असेल, आणि तो रास्त आहे. मी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि आयुष्यभर मीटरपट्टी व रोजकीर्द सांभाळली. म्हणून आज मी कोणालाही औषधोपचाराचा सल्ला देणार नाही. तो आपल्या डॉक्टरांचा अधिकार आहे. परंतु या विषयावर वाचन करीत असताना माझ्या ध्यानात आले की, ज्या संशोधनाने बाळंतिणींचे प्राण वाचवले, त्याच्या मुळाशी दोन साध्या गोष्टी आहेत: अचूक माप आणि प्रामाणिक नोंद. या दोन गोष्टी व्यापाऱ्याला समजतात. तेवढ्याच आधारावर मी बोलण्याचे धाडस करीत आहे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पहिले अपत्य जन्मानंतर अवघ्या दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्यांनी सातासमुद्रापलीकडे जाऊन १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्राचाच होता. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्या क्षयाने निवर्तल्या; आपल्या ज्ञानाचा उपयोग करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. त्यांनी ज्या प्रश्नासाठी समुद्र ओलांडला, त्या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर पुढे सव्वाशे वर्षांच्या आत आपल्याच मराठी मुलखाच्या सीमेवर, बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत सापडले. त्याचीच हकीकत मी आज सांगणार आहे.

प्रसूतीत स्त्री दगावण्याची कारणे अनेक आहेत: रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब व त्यामुळे येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेली प्रसूती. यांपैकी रक्तस्राव हे सर्वांत वेगाने प्राण घेणारे कारण होय. मूल जन्मले, वार पडली की गर्भाशयाने मुठीसारखे घट्ट आवळले जावे, अशी निसर्गाची योजना आहे. ते आवळले गेले की रक्तवाहिन्यांची तोंडे दाबली जातात आणि रक्त थांबते. गर्भाशय सैल राहिले, तर त्या वाहिन्या उघड्याच राहतात. दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. म्हणूनच सकाळी हसतखेळत असलेली स्त्री दुपारपर्यंत हाती लागत नाही, असे घडते. त्यातून आपल्याकडील स्त्री मुळातच अशक्त. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील गर्भवतींपैकी ५२ टक्क्यांहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्याच्या गल्ल्यात आधीच रक्कम थोडी, त्याला लहानसा तोटाही बुडवतो; तसाच हा प्रकार आहे.

यावर औषध नव्हते असे नाही. ऑक्सिटोसिन नावाचे इंजेक्शन अनेक दशकांपासून वापरात आहे आणि आजही ते या कामी पहिल्या पसंतीचे औषध मानले जाते. परंतु ते थंड ठेवावे लागते आणि टोचण्यासाठी प्रशिक्षित हात लागतो. ज्या घरात वीज नाही, तेथे शीतपेटी कोठून आणायची? आणि पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या देशातील बहुसंख्य प्रसूती घरीच होत असत. २००५-०६ च्या पाहणीत दवाखान्यात झालेल्या प्रसूतींचे प्रमाण देशात सुमारे ३९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ६५ टक्के होते. म्हणजे औषध शहरात होते आणि रक्तस्राव खेड्यात होत होता.

येथे मिसोप्रोस्टॉल या गोळीचा प्रवेश होतो. ही गोळी मूळची पोटातील व्रणांसाठी तयार झालेली. तिच्यामुळे गर्भाशय आवळले जाते, हा तिचा दुसरा गुण. ती स्वस्त आहे, तिला थंड पेटी लागत नाही आणि ती तोंडाने घेता येते. परंतु खेड्यातल्या घरी, डॉक्टर नसताना, ती खरोखर उपयोगी पडते काय, आणि सुरक्षित ठरते काय, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते. गुण ऐकून माल घेणे आणि माल पारखून घेणे यांत फरक असतो. पारख करणे आवश्यक होते.

ती पारख बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांच्या साहाय्याने केली. डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि अमेरिकेतील डॉ. रिचर्ड डर्मन ही त्यांतील प्रमुख नावे. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात हा अभ्यास झाला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० स्त्रियांनी त्यात भाग घेतला. प्रसूती करणाऱ्या होत्या २५ आरोग्यसेविका, म्हणजे ज्यांना आपण गावात नर्सबाई म्हणतो त्या.

या अभ्यासाची रीत थोडी समजून घ्यावी लागेल. ८१२ स्त्रियांना मूल जन्मल्यानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देण्यात आल्या आणि ८०८ स्त्रियांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणत्या स्त्रीला कोणत्या गोळ्या मिळणार, हे सोडतीसारख्या पद्धतीने ठरले होते. घेणारीला ते ठाऊक नव्हते आणि देणारीलाही नव्हते. असे करण्याचे कारण आपण व्यापारी सहज ओळखाल. ज्याला आपल्या मालाची खातरी आधीच पटलेली असते, त्याच्या डोळ्यांना मालातील खोट दिसत नाही. म्हणून परीक्षकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली बरी.

आता मापाकडे येतो. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त गेले, तर तो अतिरक्तस्राव, आणि १००० वर गेला तर गंभीर, अशी व्याख्या होती. पण किती रक्त गेले, हे ठरवायचे कसे? पिढ्यान् पिढ्या ते नजरेने ठरवले जात होते. बाळंतपणासाठी जुनी लुगडी, धोतरे, मांजरपाटाचे तुकडे वापरले जात. मी कापडाचा धंदा केला आहे, म्हणून एवढे अधिकाराने सांगतो की सुती कापड हे या बाबतीत मोठे फसवे असते. धुऊन धुऊन मऊ झालेले जुने सूत नव्यापेक्षा अधिक ओल शोषते आणि वरून कोरडेच भासते. घडी करून ठेवले, तर आतील ओल कोणाला दिसतही नाही. त्यावरून रक्ताचा अंदाज बांधणे म्हणजे डोळे मिटून तागा मोजण्यासारखे आहे.

बेळगावच्या मंडळींनी यासाठी एक साधे साधन वापरले. प्लास्टिकचे एक आच्छादन बाळंतिणीच्या खाली अंथरायचे. त्याला नरसाळ्यासारखी पिशवी जोडलेली असते आणि पिशवीवर मापाच्या रेषा असतात. रक्त त्यात जमा होते आणि नर्सबाई रेषा वाचून नोंद करते. विजेची गरज नाही, यंत्राची गरज नाही. हे साधन किती आवश्यक होते, हे त्यांनी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात १२३ स्त्रियांच्या वेगळ्या अभ्यासातून दाखवले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नजरेने केलेला अंदाज पिशवीच्या मापापेक्षा सरासरीने ३३ टक्के कमी निघाला. शंभर मीटर कापड दुकानातून जावे आणि वहीत सदुसष्टची नोंद व्हावी, असा हा हिशेब. अशी दुकानदारी किती दिवस चालेल, हे आपण जाणताच. येथे तर दुकान नव्हे, प्राण बुडत होते.

मुख्य अभ्यासाचा निष्कर्ष ऑक्टोबर २००६ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषध नसलेल्या गटात १२ टक्के स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला होता. औषधाच्या गटात ६.४ टक्के. गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आले. दर १८ स्त्रियांना गोळ्या दिल्या, की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. तोटा काय, तर काही स्त्रियांना थंडी वाजली, ताप आला, आणि तो थोड्या वेळात गेला. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश केला.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. हेच औषध मूल जन्मण्यापूर्वी चुकीच्या मात्रेत पोटात गेले, तर गर्भाशय फाटण्यापर्यंत धोका असतो. म्हणून पोटात दुसरे मूल नाही याची खात्री करून, प्रसूतीनंतरच, जाणत्या हाताने ते दिले जाते. दुकानातून आणून घरी ठेवण्याची ही वस्तू नव्हे.

बंधू-भगिनींनो, या अभ्यासासंबंधी एक अवघड प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या ८०८ स्त्रियांना औषधाविना गोळ्या दिल्या गेल्या, त्यांच्यावर अन्याय झाला काय? मी या प्रश्नावर बराच विचार केला. औषध उपयुक्त आहे हे सिद्ध असते आणि तरीही ते रोखून धरले असते, तर तो निश्चित अन्याय ठरला असता. परंतु खेड्यातील घरी ते गुणकारी आणि निर्धोक आहे की नाही, हाच तर प्रश्न होता. त्या परिसरातील प्रसूतींना त्यापूर्वी कोणतेही औषध मिळत नव्हते. या ८०८ जणींना निदान प्रशिक्षित नर्सबाई मिळाली, मापाची पिशवी मिळाली आणि रक्त अधिक जाताच पुढे पाठवण्याची व्यवस्था मिळाली. तरीसुद्धा हे खरे की, त्यांतील काहींना जो रक्तस्राव झाला, तो औषध मिळाले असते तर कदाचित टळला असता. हे ऋण कागदोपत्री फिटणारे नाही. ते फेडण्याचा एकच मार्ग आहे: जे ज्ञान त्यांच्यामुळे मिळाले, ते प्रत्येक बाळंतिणीपर्यंत पोहोचवणे. संशोधन करून ते कपाटात ठेवणे हाच खरा अन्याय होय.

आपल्या संस्थांतून देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. त्या १६२० स्त्रियांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. त्यांनी दिलेले दान मात्र आज जगभर वापरले जात आहे.

ते कसे, हेही सांगतो. २०१७ मध्ये २१ देशांतील वीस हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासातून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावामुळे होणारे मृत्यू कमी होतात, असे दिसले. म्हणजे उशीर हाच शत्रू, आणि उशीर टाळायचा तर माप वेळेवर हवे. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या चार देशांतील दोन लाखांहून अधिक प्रसूतींच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. काही रुग्णालयांत प्रत्येक प्रसूतीला मापाची पिशवी वापरली आणि रक्त ठरावीक रेषेवर येताच पाच गोष्टी एकदम केल्या: गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आवळणारे औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून सलाइन आणि तपासणी करून वरिष्ठांना पाचारण. अन्य रुग्णालयांत पूर्वीची पद्धत चालू ठेवली. पूर्वीच्या पद्धतीत निम्मेच अतिरक्तस्राव ओळखले गेले. नव्या पद्धतीत ९३ टक्के. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू, या संकटांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. यांतील एकही औषध नवे नव्हते. नवे होते ते एवढेच की मोजणे सुरू झाले आणि मोजताच कृती झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली आहे. बेळगावच्या झोपड्यांत ज्या पिशवीने काम केले, तिचीच भावंडे आता जगभरच्या प्रसूतिगृहांत आहेत.

आपल्या विदर्भानेही या कामात भर घातली आहे. गर्भवतीचा रक्तदाब एकाएकी धोक्याच्या पातळीवर गेला, तर तो इंजेक्शनानेच उतरवावा असा प्रघात होता. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती रुग्णालय येथे ८९४ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन साध्या, स्वस्त गोळ्यांची तुलना केली गेली. निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटालॉलने ७७ टक्के आणि मिथाइलडोपाने ७६ टक्के स्त्रियांचा रक्तदाब सहा तासांत, दुष्परिणामाविना आटोक्यात आला. जेथे इंजेक्शन आणि सतत लक्ष ठेवणारे मनुष्यबळ दोन्ही अपुरे, त्या रुग्णालयासाठी हे केवढे मोठे साहाय्य आहे! गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात अर्भकांची काळजी घेतली आणि बालमृत्यू कसे घटतात हे १९९९ मध्ये लॅन्सेटमधूनच जगाला दाखवले, हे आपणास ठाऊकच आहे. बेळगाव, नागपूर, गडचिरोली या तिन्ही ठिकाणांचा बोध एकच: साधी परिचारिका आणि गावातील शिकाऊ स्त्री यांच्यावर विश्वास टाकला, तर त्या तो सार्थ करतात.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ते प्रमाण ३३ झाले. देशाचे प्रमाण याच काळात २५४ वरून ९७ वर आले. महाराष्ट्रात आता शंभरातील सुमारे ९५ प्रसूती दवाखान्यात होतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. पण आकडा लहान झाला म्हणजे दुःख लहान होत नाही. ज्या घरात ती एक माता गेली, त्या घरापुरता तो आकडा शंभर टक्केच असतो. शिवाय दवाखान्याच्या दारातून आत जाणे म्हणजे सुरक्षित होणे नव्हे. आत मोजणारे कोणी आहे काय, रक्त उपलब्ध आहे काय, यावर पुढचे अवलंबून असते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातील घाटी रुग्णालयात शहरातल्याच नव्हे, तर शेजारच्या जिल्ह्यांतील अवघड प्रसूतीच्या स्त्रियाही आणल्या जातात. लांबचा रस्ता कापून आलेल्या या स्त्रीला अनेकदा सर्वांत आधी रक्ताची गरज असते, आणि रक्त कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. उन्हाळ्यात महाविद्यालये बंद असतात, लग्नसराई असते, तेव्हा रक्तदान कमी होते. बाळंतपणे मात्र ऋतू पाहून होत नाहीत. वर्षातून एकदा मोठे शिबिर भरवून छायाचित्र काढण्यापेक्षा, वर्षभर दर महिन्याला ठरलेल्या दिवशी थोडे थोडे दाते जाणे अधिक उपयोगाचे ठरेल. व्यापारात उलाढाल नियमित असावी लागते, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. बाळंतिणीला रक्त अधिक जात असेल, तर ती संकोचाने सांगत नाही. ओले कापड ती लपवते, आणि घरातील पुरुष विटाळाच्या भावनेने त्या खोलीकडे फिरकत नाहीत. ही लाज प्राणघातक आहे. प्रसूतीनंतरचे पहिले चोवीस तास अत्यंत मोलाचे असतात. ‘सर्व ठीक आहे, घरी नेतो’ अशी घाई आपण नातेवाइकांनी करू नये. गरोदरपणातच हिमोग्लोबिन तपासले आहे काय, रक्तगट ठाऊक आहे काय, अडचण आली तर कोठे आणि कोणत्या वाहनाने जायचे, हे सासऱ्याने आणि पतीने विचारले, तर त्यात कमीपणा नाही. पेढीचा ताळेबंद आपण दर वर्षी तपासतो. सुनेच्या आणि लेकीच्या प्रकृतीचा हिशेबही तितक्याच काळजीने ठेवावा.

तिसरी गोष्ट दानाची. प्रसूतिगृहाला देणगी देताना आपण खाटा, पंखे, संगमरवरी फरशी यांचा विचार करतो, कारण त्या डोळ्यांना दिसतात. मापाची पिशवी एका प्रसूतीत वापरली जाते आणि टाकून द्यावी लागते. तिच्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही. तरी मी आपणास विनंती करतो की, यापुढे देणगी देण्यापूर्वी तेथील परिचारिकांना एकदा विचारावे: ‘ताई, रक्त कसे मोजता?’ त्यांचे उत्तर ‘अंदाजाने’ असे आले, तर आपले दान कोठे जायला हवे हे आपोआप कळेल.

मोजण्याच्या व्यवसायात माझे आयुष्य गेले. ग्राहकाला अर्धा मीटर कापड कमी गेले तर तो परत येऊन भांडतो, आणि आपण ते भरून देतो. रक्ताच्या मापात चूक झालेली बाळंतीण मात्र तक्रार करायला परत येऊ शकत नाही. तिच्या वतीने प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. ती आपण सर्व मिळून पार पाडू, असा विश्वास व्यक्त करतो.